नाटक करणाऱ्या लेकीसाठी पुण्यात नाट्यगट निवडायचाय, काय काय बघावं?

वारज्याची_मैना

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचते, आज कामासाठी धागा काढतेय.

लेक ११ वर्षांची, सहावीत. गॅदरिंगमध्ये बालवाडीपासून असतेच, पण हल्ली नाट्यछटांचं वेड लागलंय. शाळेतून स्पर्धांना पाठवतात, बक्षिसं आणते, घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला करून दाखवते. (पाहुणे कमी झालेत, तो योगायोग असावा.) मे महिन्यात एक शिबिर केलं आणि आता म्हणते मला वर्षभर नाटकच करायचंय.

तीन जागा बघून ठेवल्यात. नावं मुद्दाम देत नाही, मला कुणाची जाहिरात करायची नाही आणि बदनामीही. पहिली मोठी अकादमी, बऱ्याच शाखा, दर वर्षी मोठ्या नाट्यगृहात सगळ्या बॅचेसची नाटकं. दुसरा पेठेतला छोटा गट, जुन्या इमारतीतल्या हॉलमध्ये भरतो, चालवणारे सर स्वतः प्रायोगिक नाटकं करतात. प्रयोग कधी होणार विचारलं तर "बसलं की करू." तिसरी जागा बाणेरला. तिथे 'कॅमेरा फेसिंग' शिकवतात आणि मालिका-जाहिरातींच्या ऑडिशनला पाठवतात. पोर्टफोलिओचे पैसे वेगळे.

नवऱ्याचं मत: जवळ असेल ती. सासूबाईंचं मत: आधी स्कॉलरशिप. लेकीचं मत: जिथे माईक आणि लाइट असतील तिथे.

कुणी मुलांना घातलं असेल किंवा स्वतः नाटकवाले असाल तर सांगा, नेमकं काय बघून ठरवायचं?

तिसरी_घंटा

त्यांचे प्रयोग बघा. भरत, सुदर्शन, ज्योत्स्ना भोळे या नाट्यगृहांत कुठे ना कुठे मुलांचं काहीतरी लागत असतं. दोन तासांत कळतं.

डेक्कनचा_चहा

पोर्टफोलिओचे पैसे वेगळे, इथेच तिसरा पर्याय माझ्यापुरता बाद. उरलेल्या दोघांचं बोला.

विंगेतून

प्रयोग जरूर बघा, पण प्रयोगावरून गट कळतो असं मला वाटत नाही. आधी बॅकस्टेज आणि मग मुलांची नाटकं बसवणं यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. प्रयोगात नाटक दिसतं. त्यात मुलाचं काय होतंय ते तालमीतच दिसतं.

मुलांचा प्रयोग देखणा करायचा सोपा रस्ता सगळ्या दिग्दर्शकांना ठाऊक असतो. जी तीन-चार पोरं धीट आहेत, आवाज खणखणीत आहे, पाठांतर पक्कं आहे, त्यांना मोठी कामं द्यायची. बाकीची गावकरी, ससे, झाडं. प्रत्येक वाक्य आपण म्हणून दाखवायचं, पोरांनी हेलासकट तसंच म्हणायचं. प्रयोगाला हशे-टाळ्या येतात, पालक फोटो काढतात, पुढच्या वर्षीची फी भरतात.

मैनाताई, तुमची लेक त्या तीन-चारांत बसणार. म्हणूनच तुम्ही जास्त जपून निवडायला हवं. लाजऱ्या मुलाला कुठल्याही बऱ्या गटात गेलं तरी फायदाच होतो. जे मूल आधीच करून दाखवतं ते गटाला आयतं मिळालेलं असतं. त्याला शिकवायची घाई कुणालाच नसते.

नाट्यछटेचंही सांगतो. दिवाकर पुण्यातच शिक्षक होते, १९११ पासून त्यांनी हा प्रकार लिहायला घेतला. एकच माणूस बोलतो आणि समोरचा काय म्हणाला ते आपण त्याच्या बोलण्यावरून ओळखायचं. मुलांचं पाठांतर, शब्दफेक, हावभाव यासाठी झकास. पण त्यात समोर कुणी नसतंच! नाट्यछटा गाजवलेलं मूल नाटकात आलं की दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट बघत उभं राहतं. ऐकत काहीच नाही. नजर प्रेक्षकांत, चेहऱ्यावर पुढच्या वाक्याची तयारी. ही सवय सुटायला महिने जातात. स्पर्धा तोंडावर असली की दिग्दर्शक त्या भानगडीत पडत नाही, कारण टाळी तर पडतेच आहे.

तेव्हा तालमीला जाऊन बसा. सर वाक्य म्हणून दाखवतात की "तू इथे का चिडलीस?" असं विचारतात ते ऐका. ज्यांचं त्या प्रवेशात काम नाही ती मुलं काय करतात तेही बघा. मोबाईलवर असतात की कुणी प्रॉम्प्टिंगला बसलंय, कुणी प्रॉपर्टीची (म्हणजे स्टेजवर लागणाऱ्या सामानाची) यादी करतंय, कुणी म्युझिक वाजवतंय? कुणी चुकलं की पहिलं कोण हसतं? सरच हसत असतील तर उठून या.

दोन प्रश्न तोंडावर विचारा. मुख्य काम करणारं मूल आदल्या दिवशी तापाने पडलं तर काय करता? आणि गेल्या नाटकात ज्या मुलीचं मोठं काम होतं ती या नाटकात काय करतेय? दुसऱ्याचं उत्तर 'हिच्यातही तीच लीड' असं असेल तर मला जे सांगायचंय ते तुम्हाला कळलं.

वारज्याची_मैना

विंगेतून, मनापासून धन्यवाद. 'नजर प्रेक्षकांत' वाचून मी आणि नवरा एकमेकांकडे बघून हसलो. पण अडचण अशी की अकादमीत पालकांना तालमीत येऊ देत नाहीत. चौकशी केली तर म्हणाले, हा आमचा नियमच आहे.

प्रॉम्प्टर_काका

नियम बरोबर आहे त्यांचा. विंगेतून यांचं बाकी सगळं मान्य, पण 'तालमीला जाऊन बसा' याला माझा विरोध नोंदवून घ्या.

मी रविवारी सकाळी मुलांच्या तालमी घ्यायचो. पालक मागे बसले की मूल त्यांच्यासाठी नाटक करतं. एक बाबा लेकाचं प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणायचे. पोरगं समोरच्या नटाकडे बघायचंच नाही, बाबांच्या तोंडाकडे बघून बोलायचं. एक आई मध्येच उठून मुलीच्या बटा कानामागे सारून यायच्या, चालू प्रवेशात! शेवटी दाराला पाटी लावली: 'पालकांनी जिन्याखाली थांबावे. चहा समोर मिळतो.'

डेक्कनचा_चहा

पाटीतही चहाचा पत्ता. काका, तुम्ही खरे पुण्याचे.

विंगेतून

काका, रोज बसा असं मी म्हणतच नाही. पण प्रवेश घेण्याआधी एक तालीम पूर्ण बघू द्या, आणि नंतर महिन्या-दोन महिन्यांतून शेवटचा अर्धा तास. एवढंही नको म्हणणाऱ्याला मी कारण विचारेन. मुलं मोकळी राहावीत म्हणून दार लोटून घेणं मला समजतं. पण आतून कडी लावून एकच मोठा माणूस आणि पंधरा मुलं, हे मला चालणार नाही.

दोन_पोरींची_आई

हा मुद्दा आला ते बरं झालं, नाहीतर मीच काढणार होते. नाटकात मिठी मारणं, उचलणं, मेकअप करणं, कपडे बदलणं हे सगळं येतं, त्यामुळे ट्यूशनपेक्षा इथे जास्त विचारावं लागतं. मी विचारते ते असं: हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं असतात का आणि त्यात एक बाई असते का? प्रयोगाच्या दिवशी मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली आणि तिथे कोण? सर मुलांना थेट व्हॉट्सअ‍ॅप करतात की पालक असलेल्या ग्रुपवरच? उशीर झाला तर मूल कुणाच्या हाती देतात? एकट्या मुलीला गाडीवर मागे बसवून 'सोडतो' म्हणणारे कितीही भले असोत, माझ्याकडून नाही.

आणि काही वावगं कळलं तर 'आपापसात मिटवू' म्हणणारी संस्था नको. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चालवणाऱ्यांना हे माहीत आहे का, एवढं बोलता बोलता कळतं.

कोथरूड_ते_कोथरूड

इतका विचार कशाला, ग्रिप्समध्ये घाला ना. मुलांचं नाटक म्हटलं की पुण्यात तेच.

जुना_प्रेक्षक

ग्रिप्स मुलांसाठी आहे, पण करतात मोठी माणसं. मूळ बर्लिनचं ग्रिप्स थिएटर. मोहन आगाशे यांनी ते इकडे आणलं आणि १९८६ मध्ये थिएटर अकादमीने 'छान छोटे वाईट्ट मोठे' केलं. त्यात मिश्या भादरलेले नट सहा-सात वर्षांची पोरं झाले होते आणि खरी पोरं खुर्च्यांत बसून त्यांना ओरडून सल्ले देत होती. राजा-राणी, चेटकीण काही नाही. आईबाबांची भांडणं, शेजारी, शाळा, घरात मुलाचं कुणी ऐकत नाही, असले विषय. तेव्हा लेकीला ग्रिप्सला 'घालता' येणार नाही, दाखवायला मात्र न्याच. अकरा वर्षांच्या मुलीने बघावं असं त्यात काय आहे तर मोठा नट लहान मूल करताना बोबडं बोलत नाही, लाडीगोडी करत नाही. आपली मुलं स्वतः मुलंच असून स्टेजवर गेली की बोबडी का होतात हे मला अजून उलगडलेलं नाही.

लाडोबाची_आई

विंगेतून यांनी लिहिलंय तसंच आमच्याकडे झालं, फक्त आम्ही झाडांच्या बाजूला होतो.

मुलगा एका गटात होता (नाव नको). गट नावाजलेला, आंतरशालेय आणि राज्य बालनाट्य स्पर्धेत त्यांची नाटकं असतात. तालमी पावसाळ्यात सुरू झाल्या. एकाच मुलीचं मोठं काम, तिच्याबरोबर दोघं. आमचा मुलगा बाजारातला माणूस. दोन एन्ट्र्या, वाक्य एक. त्याबद्दल तक्रार नाही, वाक्य एक असलं म्हणून कमीपणा नसतो. तक्रार ही की तीन तासांच्या तालमीत त्या तिघांचे प्रवेश चालायचे आणि उरलेल्या दहा जणांना भिंतीला टेकून 'शांत बसा'. कुणी त्यांना विचारलं नाही की हा माणूस बाजारात काय विकतो, आज त्याचा धंदा झाला का. दिवाळीनंतर तो म्हणाला, आई मी नाही गेलो तरी कुणाला कळणार नाही. आणि खरंच एका रविवारी गेला नाही, तर कुणाचा फोन आला नाही.

नंतर त्या मुलीच्या आईशी बोलणं झालं. ती तर माझ्यापेक्षा कावलेली होती. लेकीला प्रत्येक नाटकात तेच काम, तीच तरतरीत, शहाणी, सगळ्यांना धडा शिकवणारी मुलगी. आवाज बसला तरी तालीम चुकवायची सोय नाही, कारण दुसरं कुणी तयारच केलेलं नाही.

आवाज_जपा

आवाज बसल्याचा उल्लेख आला म्हणून लिहिते, मी स्पीच थेरपिस्ट आहे. मुलांच्या स्वरतंतूंवर ओरडून ओरडून गाठी येतात. हे सर्रास दिसतं, बहुतेक वेळा आवाज नीट वापरायला शिकवलं की कमी होतं. तालमीत 'आवाज मागपर्यंत गेला पाहिजे' हे ठीक, पण तो कसा न्यायचा ते कुणी शिकवतं का बघा. श्वास पोटातून घेणं, सुरुवातीला हुंकारासारखे हलके सराव, मधे पाणी, हे होत असेल तर गट शहाणा आहे. नुसतं 'मोठ्याने! अजून मोठ्याने!' चालू असेल तर मुलीचा घसाच कामाला लागणार. दोन-तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवाच, हळद-दूध पाजत थांबू नका. मुलगे तेरा-चौदाचे होऊन आवाज फुटायला लागला की त्यांच्यावर वरच्या पट्टीची कामं लादू नयेत.

कोरसमधला

मी आता कॉलेजात आहे, शाळेत असताना अशाच एका गटात होतो. इथे सगळे पालकच बोलतायत म्हणून लिहितो.

मला सगळ्यात जास्त कशातून कळलं तर एका वर्षी मला काम नव्हतं आणि मी लाइट्सच्या दादाशेजारी बसायचो. रोज तोच प्रवेश समोरून बघितला. एक मुलगा फक्त दार उघडून उभा राहायचा, बोलायचा नाही, पण माझं लक्ष त्याच्याकडेच जायचं, कारण तो खरंच आत कोण आहे ते बघत होता. जिच्यावर लाइट होता ती मात्र आमच्याकडे बघत होती. हे स्टेजवर उभं राहून मला कधीच दिसलं नसतं. आमच्या गटात नियमच होता, मोठं काम केलं की पुढच्या नाटकात बॅकस्टेज. तेव्हा मला वाटायचं सर माझ्यावर खार खाऊन आहेत.

करंडकाचं फार मनावर घेऊ नका. कॉलेजात गेल्यावर पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका स्पर्धा असतेच, तिथे 'आव्वाज कुणाचा' करून घसे फुटेपर्यंत ओरडा. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून ती स्पर्धा घेतात आणि २०२२ ला परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. बरीच बोंबाबोंब झाली, पण नाटकं ज्यांनी केली त्यांनी केलीच. सहावीतल्या मुलीला कुणी 'आपल्याला करंडक आणायचाय' म्हणत असेल तर तो करंडक नक्की कुणाला हवाय ते बघा. ताई, तिला भरतला प्राथमिक फेरी बघायला न्या. मोठ्या नेपथ्याचा थाट नसताना मुलं काय करतात ते दिसेल.

सूस_रोड

पण मला तिसऱ्या पर्यायाबद्दल वाचायचं होतं. मालिकांत मुलं काम करतातच ना? सगळे फसवेच असतात का? माझ्या भाचीला एका जाहिरातीत घेतलं, अनुभव चांगला होता.

काळा_कोट

सगळे फसवे नसतात, पण नाटक शिकणं आणि पैसे घेऊन काम करणं या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत वेगळ्या आहेत. पैसे घेऊन काम असेल तर बालकामगार कायद्यातली २०१६ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम लागू होतात. १४ वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून काम करता येतं, पण निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची. दिवसात ५ तासांहून जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही. सलग २७ दिवसांहून जास्त नाही. ५ मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस. शाळा बुडता कामा नये, आणि मुलाची स्वतःची तयारी हवी. मिळकतीतला निदान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेला पाहिजे.

ऑडिशनला पाठवणाऱ्यांना एवढंच विचारा की गेल्या कामाच्या वेळी परवानगी कुणी काढली आणि ठेव कुठल्या बँकेत आहे. बोलणारा अडखळला तर घरी या. आधी फोटोंचे पैसे, मग नोंदणीचे, मग 'वर्कशॉप'चे, असं असेल तर त्यांचा धंदा पालकांवर चालतो. खरं काम देणारा मुलाकडून पैसे घेत नाही, मुलाला देतो.

सूस_रोड

ठेवीचं माहीत नव्हतं. भावाला विचारते.

एकारान्त

थोडं अवांतर. मुलगी इंग्रजी माध्यमात असेल तर गटात मराठी वाचन किती होतं तेही बघा. आमच्या सोसायटीतली मुलं 'चहा' आणि 'चाक' यातला च सारखाच म्हणतात, ळ चा ल करतात, आणि संहिता रोमन लिपीत लिहून पाठ करतात. चांगला दिग्दर्शक हे टोमणे न मारता सुधारून घेतो. आमच्या मुलाला सरांनी कुठलंही नाटक न देता आधी दोन महिने नुसती गोष्टीची पुस्तकं मोठ्याने वाचायला लावली. घरी आम्हालाही ऐकावी लागली.

वारज्याची_मैना

लेक मराठी माध्यमात आहे, ती चिंता नाही. उलट तिच्या मराठीला थोडी खीळ घालता आली तर बघायचंय.

दोन्हीकडे जाऊन आले. अकादमीने आधी नाही म्हटलं होतं, मी परत फोन करून 'एकदाच, प्रवेश घेण्याआधी' म्हटल्यावर शाखेच्या बाई हो म्हणाल्या. तर सविस्तर लिहिते.

अकादमी: व्यवस्थेला शंभर टक्के. दारात रजिस्टर, मुलांना न्यायला कोण येणार त्याची नोंद, प्रथमोपचाराची पेटी, दोन ताई सतत आत-बाहेर. सुरुवातीला व्यायाम आणि आवाजाचे सराव झाले, अगदी वर लिहिलंय तसे. मग नाटक. बत्तीस मुलं आणि वीस मिनिटांचं नाटक, म्हणजे प्रत्येकाला चार वाक्यं यावीत अशीच संहिता लिहिलेली. ताई वाक्य म्हणायच्या, मुलं म्हणायची. दोन प्रश्न विचारले. पहिल्याला उत्तर आलं, 'दुसऱ्या बॅचमधलं मूल घेतो, वाक्यं सगळ्यांना पाठ असतात.' हे मला आवडलं. लेक खूश, कारण कपाटभर ड्रेपरी आणि डोक्याला लावायचे मुकुट दिसले.

पेठेतला गट: जिना अंधारा, बाथरूम खालच्या मजल्यावर आणि त्याची किल्ली शेजारच्या दुकानात. सर एकटे आणि मदतीला कॉलेजातला एक मुलगा. मला तिथेच परत फिरावंसं वाटलं होतं.

मग तालीम सुरू झाली. लेकीला म्हणाले, ये, कर आमच्याबरोबर. प्रवेश साधा होता: दोन बहिणी, एक घर सोडून निघालीय, दुसरी तिची पिशवी भरून देतेय. लेकीला निघणारी दिली. तिने नाट्यछटेच्या पद्धतीने सुरू केलं, हात वर, नजर समोर, हुंदका वगैरे. मुलांनी टाळ्या वाजवायला हात उचललेच होते. सर म्हणाले, छान, आता तू दुसरी हो, पिशवी भरणारी, आणि तुला वाक्य नाही. लेकीने पिशवीत कपडे कोंबायला सुरुवात केली. सर म्हणाले, थांब, ती काय म्हणतेय ते ऐकून मग पुढचा कपडा घाल. समोरची मुलगी बोलली, 'मी पत्र पाठवीन.' लेक थांबली. हातात एक खोटा टॉवेल होता, तो तिने उलगडून परत घडी केला. परत उलगडला. सरांनी काही सांगितलं नव्हतं. पिशवी भरून संपूच द्यायची नव्हती तिला. पुढे समोरच्या मुलीचंच वाक्य चुकलं आणि सगळे हसले, सर सोडून.

येताना रिक्षात पोरगी गप्प. मग म्हणाली, तिथे मला बोलूच दिलं नाही. आणि थोड्या वेळाने, पुढच्या रविवारी कुणाला पिशवी देतील?

विंगेतून

टॉवेल! माझ्या बाजूने निकाल लागला.

दोन_पोरींची_आई

माझ्या बाजूने नाही. बाथरूमची किल्ली दुकानात? एकटे सर? टॉवेलची घडी कितीही सुंदर असू दे, हे आधी मिटवा. सरांना स्पष्ट सांगा, लाजू नका. त्यांनी वाईट वाटून घेतलं तर तेही उत्तरच आहे.

प्रॉम्प्टर_काका

ताईंचं बरोबर. छोट्या गटवाल्यांना हे सुचत नाही, वाईट हेतू नसतो. आम्हालाही कुणी पालक बोलल्याशिवाय सुचायचं नाही. हॉलचं भाडं काढता काढता जीव मेटाकुटीला येतो, बाकी सगळं मनात मागे पडतं. पण बोला. एखादी आई तालमीच्या वेळी बाहेरच्या खोलीत बसायला तयार असेल तर तसं सुचवा. आत नको!

वारज्याची_मैना

बोलले. सर आधी जरा गोंधळले, मग म्हणाले तुमचं बरोबर आहे, मुलींच्या पालकांनी हे विचारायला हवंच होतं, अजून कुणी विचारलं कसं नाही. आता त्यांच्या नाटकातली एक अभिनेत्री दर रविवारी येणार आहे, तिला मुलांबरोबर काम करायचंच होतं म्हणे. बाथरूमची एक किल्ली हॉलमध्येच ठेवतील. आम्ही पाच आयांनी आळीपाळीने बाहेर बसायचं ठरवलंय. मेसेज फक्त पालकांच्या ग्रुपवर.

दिवाळीपर्यंत पेठेत जायचं, मग परत विचार करू. लेक पूर्ण राजी नाही, मुकुट राहून गेले ना. तिला कबूल केलंय की मे महिन्यात अकादमीचं शिबिर. स्कॉलरशिपचा क्लास शनिवारी घेतला म्हणून सासूबाईही तूर्त गप्प आहेत. नवरा एकदा गाडी घेऊन गेला, पार्किंग शोधताना अर्धी तालीम संपली. त्याला सांगितलंय, मेट्रोने मंडईला उतर आणि चाल.

कोथरूड_ते_कोथरूड

फी किती हे कुणी लिहिलंच नाही.

वारज्याची_मैना

छोट्या गटाची अकादमीच्या निम्म्याहून कमी आहे. पावती मागितली तर सरांनी पावती पुस्तक शोधायला दहा मिनिटं घेतली, पण दिली. एक विचारून घ्या सगळ्यांनी, कपडेपट, नाट्यगृहाचं भाडं आणि तिकिटं यांचे पैसे फीत आहेत की वेगळे. अकादमीत प्रत्येक मुलामागे ठरावीक तिकिटं आपणच विकायची असतात, ते माहितीपत्रकात नव्हतं.

निगडी_प्राधिकरण

आमच्याकडे पिंपरी-चिंचवडमध्ये असं काही आहे का? दर रविवारी पेठेत येणं जमणार नाही, मुलगा तिसरीत आहे.

जुना_प्रेक्षक

आहेत गट, पण जाहिरात करणारे थोडे. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात किंवा संत तुकारामनगरच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात मुलांचं नाटक लागलं की बघायला जा आणि संपल्यावर विंगेत जाऊन दिग्दर्शकाला भेटा, तालीम कुठे असते विचारा. तिसरीतल्या मुलाला वर्षभराचा गट मात्र आत्ताच नको असं माझं मत. शिबिर करा, नाटकं दाखवा, घरात चादर बांधून काय करायचं ते करू द्या.

निगडी_प्राधिकरण

चादर बांधून झालीय. पडद्याची दांडी निघून आलीय. धन्यवाद, या शनिवारी मोरेला काय लागलंय ते बघतो.